अकराव्या टॉवेलवरचं नाव

— त्या खुर्चीवर नको, काका, तिचा एक पाय नुसता दाखवायला आहे — इकडं या, या गठ्ठ्यावर बसा, टॉवेलच आहेत, मऊ लागतील. आता टॉवेलवर बसवलं म्हणून पुन्हा — नाही, काही नाही, बसा तुम्ही. आप्पा चहा आणायला गेलेत. खरं म्हणजे खालच्या टपरीवाल्याला फोन केला की तो वर आणून देतो, पण आमच्या आप्पांना स्वतः जायचं असतं, आणि गेले की तिथंच उभं राहायचं असतं — तुम्हाला जिना चढवून वर सोडलं आणि उलट पावली पळाले, बघितलंत ना? पूनमच्या साखरपुड्याला आज वीस दिवस झाले. वीस दिवस आमच्या घरात तुमच्या रुसण्यावरनं — रागावण्यावरनं — रोज भांडण, आणि ज्यांनी बोलायचं ते तोंडातनं अवाक्षर काढत नाहीत. मी म्हणते, आप्पा, काकांना सांगा की असं असं झालं. तर म्हणतात, 'गप की. व्हतंय नीट.' काय व्हतंय? आपोआप व्हतंय का? आपण काहीच नाही केलं तर कसं व्हतंय? यावर टोपी घालून बाहेर. म्हातारी माणसं अशी का असतात हो? म्हणजे तुम्ही नाही. तुम्ही निदान बोलून तरी दाखवलंत.

तर माफी. मागायचीच आहे मला. पूनमनं सकाळपासून तीनदा फोन केलाय — 'ऋते, अण्णाराव काका यायलेत, चुकलं म्हण, पाया पड आणि गप बस, टॉवेलचा ट काढू नको.' बहीण माझी, तिचं काय चुकतंय? रविवारी अक्षता आहेत. तुमच्या भावानं, बिरप्पा काकांनी, स्वच्छ सांगितलंय की थोरला भाऊ मांडवात नसेल तर शिवराजच्या डोक्याला बाशिंग बांधणार नाही. आणि शिवराज भाऊजी तर — इतका शिकलेला माणूस, मोबाईलच्या टॉवरवर चढून दुरुस्ती करतो, पण काकांच्या समोर त्याची जीभ टाळ्याला चिकटते. रडून रडून पूनमचे डोळे असे झालेत, फोटोग्राफर म्हणाला मेकअपनं झाकणार नाही. हे सगळं कशापायी? तर साखरपुड्याला अकरा मानकऱ्यांना टॉवेल-टोपी दिली, दहा जणांच्या टॉवेलवर नाव छापलेलं, आणि तुमच्या टॉवेलवर नाव नाही, नुसता कोपऱ्यात काळा चौकोन. थोरल्याचाच मान विसरले. बरोबर ना, हेच म्हणणं ना तुमचं? तर मी चुकलं म्हणते, आत्ता म्हणते, पाया पण पडते. फक्त एक सांगू का? मी चुकलेली नाही. तुमचं नाव मी छापलंय. माझ्या हातानं, या हीट प्रेसवर, ठळक काळ्या अक्षरात. तुम्ही घडी उलगडली नसेल. किंवा दुसरं टोक बघितलं असेल. असो. असो म्हटलं की मी.

आणि आज मला रागावताच येत नाहीय कुणावर, काका, खरंच — मला आज काय झालंय सांगू? सकाळी नऊ वाजता ऑर्डर आली. तीनशे साठ टॉवेल. एका घरची. मी चार वेळा आकडा वाचला, मग मोबाईल बंद करून चालू केला, मग परत वाचला. मग या टेबलाभोवती एक फेरी मारली, ती थांबेना म्हणून अजून चार मारल्या. खालच्या शिंप्यानं वर येऊन विचारलं, मशीन पडलं का काय. तीनशे साठ म्हणजे कळतंय का तुम्हाला? पहिल्या वर्षभरात मी सगळे मिळून विकलेत एकशे चार नग, त्यात टी-शर्ट नऊ, आणि त्या नवातले चार मीच घेतलेत, माझ्याच दुकानातनं, वेगवेगळ्या नावानं, म्हणजे दुकान चालतंय असं दिसावं. हे कुणाला सांगू नका.

दुकानाचं नाव तुम्हाला आवडलं नाही, पूनम सांगत होती. 'अस्सल नग'. अहो, नग म्हणजे वस्तू, आणि नग म्हणजे — आमच्या आत्या मला लहानपणापासून म्हणतात की, हा एक नगच आहे. तेच ठेवलं. घरात कुणालाच कळत नाही मी काय करते. बीसीए झाले, तर सगळ्यांचं म्हणणं कुठंतरी ऑफिसात चिकटायचं. मी म्हटलं दुकान काढते. 'कुटं?' मोबाईलवर. 'मोबाईलचं दुकान?' नाही, मोबाईलवर दुकान, लोक बघतात, त्यांना पाहिजे ते नाव, पाहिजे तो फोटो पाठवतात, मी कपावर, शर्टावर, उशीच्या अभ्र्यावर छापून पाठवते. यावर आत्या म्हणाल्या, छापायचंच आसंल तर लग्नपत्रिका छाप, चार माणसांत नाव हुईल. मी 'न्हाय म्हंजे न्हाय' लिहिलेले टी-शर्ट काढले, तर म्हणे हे काय बोलणं झालं अंगावर घालायचं. दिवसभर घरात तेच बोलतात सगळी, काका, पण अंगावर घालायचं नाही.

मग टॉवेल. टॉवेल कसा सुचला ते ऐका, आता आप्पा येईपर्यंत वेळ आहे आपल्याला. एकदा कपाट आवरत होते. खालच्या खणात टॉवेल. सगळे आहेराचे, सगळे पिशवीत बंद, कुणीही उघडलेले नाहीत. मोजले — बेचाळीस. अख्ख्या देशाला टॉवेल पुरवणारं आपलं गाव, आमच्या घरात बेचाळीस नवे कोरे टॉवेल, आणि आमचे आप्पा अंग कशानं पुसतात? जुन्या धोतराच्या तुकड्यानं. का तर टॉवेल लागतात. कशाला लागतात? द्यायला. मी म्हटलं, बास. टॉवेलच्या टोकाला ती सपाट पट्टी असते ना, विणीची, तिच्यावर झकास छपाई होते. कारखान्यातनं पांढरे गठ्ठे उचलले. ज्याला नाव पाहिजे त्याला नाव, ज्याला नको त्याला साधा, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझा चौकोन — तो तुम्हाला खटकला तो — आपण पैसे द्यायला मोबाईलनं स्कॅन करतो तसलाच. प्रत्येक टॉवेलचा वेगळा, प्रत्येकाला नंबर. स्कॅन केला की माझं दुकान उघडतं, आणि दोन प्रश्न येतात — टॉवेल कुठल्या गावात आहे आणि कोणी दिला? उत्तर दिलं की पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. सूट म्हटल्यावर लोक काय लिहीत नाहीत, काका. आजोळसुद्धा लिहितात.

आणि मग ते सुरू झालं. पहिल्या महिन्यात मला वाटलं मशीन बिघडलं. एकच टॉवेल सोमवारी अक्कलकोटात, पुढच्या आठवड्यात मोहोळला, महिन्यानं बार्शीला. अहो, कुणी पुसतच नव्हतं. नुसते फिरवत होते. एकशे चाळीस नंबरचा टॉवेल सात घरं हिंडला आणि पहिल्याच घरी परत आला. त्या घरच्या बाईंनी मला फोन केला — 'आम्हाला पण आत्ता तसलाच आला बघा, तुमच्याकडं दुसरं डिझाइन न्हाय का?' मी फोनवर हात ठेवून हसले, डोळ्यांतनं पाणी. पण मग माझ्या डोक्यात दिवाच लागला. जाहिरातीसाठी लोक किती मरमर करतात. माझी जाहिरात लोक स्वतःच्या हातानं, वर टोपी ठेवून, समोरच्याला गंध लावून, नमस्कार करून पोचवतायत. प्रत्येक घरात कुणीतरी एक पोरगं असतंच ज्याला तो चौकोन दिसतो आणि राहवत नाही. फिरू दे की. जितका फिरेल तितकं माझं भलं. आता मी नवीन काढणार आहे — 'फिरता टॉवेल'. पट्टीवर दहा रिकाम्या ओळी, कडून आणि यांस, कडून आणि यांस. ज्यानं दिला त्यानं सही करायची. तरुण पोरं उड्या मारतील यावर. आप्पांना सांगितलं तर चेहरा असा झाला, जसं काय मी गावाच्या चावडीवर कुणाची तरी चड्डी वाळत घालणार आहे.

हां, तर तीनशे साठ. सकाळी ऑर्डर आली आणि मागनं फोनच आला, नातेपुत्याहून. म्हातारी बाई, आवाज असा खणखणीत — 'टॉवेलवाली पोरगी का? मी केराबाई. माझी पंच्याहत्तरी हाय, भावकी जेवाय येणार हाय, तीनशे साठ माणूस. सगळ्यास्नी नावाचा टॉवेल पायजे. नाव ठळक टाक. नाव आसलं की पुढं देता येत न्हाय. मेल्यांनी वापरलाच पायजे.' काका, मला वाटलं फोनमधनं जाऊन या बाईंचा मुका घ्यावा. अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस शहाणं निघालं, तेही पंच्याहत्तर वर्षांचं. मी विचारलं, आजी, माझं दुकान कसं सापडलं? म्हणाल्या, 'नातीच्या बारशाला एक टॉवेल आला, पोरानं चौकोनाचा फोटू काढला. आमच्या मावशी-भाच्यात लई माया हाय बघ, आमच्या अण्णारावनं दिल —'

आता मी काय बोलले?

बसा ना. बसा की, काका, उठू नका. अहो, मी चिडून नाही सांगितलं, शपथ, पूनमची शपथ — नाही, तिची नको, ती आधीच — माझी शपथ. मी तर आभार मानत होते. तुम्ही मावशींना टॉवेल दिलात म्हणून मला एवढी ऑर्डर आली, तुम्ही तो जपून कपाटात ठेवला असता तर कुठली आलीय? साखरपुड्यातनं निघालेला टॉवेल बारा दिवसांत नातेपुत्याला, यात वाईट काय आहे? आणि इकडं सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात की तो अपमान तुम्ही घरी कुलपात ठेवलाय, लग्न होईपर्यंत काढणार नाही — ते आता राहू दे. मी ऐकलंच नव्हतं असं समजा. सगळेच देतात हो. तुमच्यात 'हो'ला काय म्हणतात, हौदु? तसं हौदु म्हणा आणि सोडून द्या. थांबा, तुम्हाला दाखवतेच, म्हणजे तुम्हाला एकट्याला वाटायला नको. हा लॅपटॉप बघा. हा बघा नकाशा. ही प्रत्येक रेघ म्हणजे एक टॉवेल. ही बघा माळशिरसकडं, ही सांगोल्याला, ही पार विजापूरला गेलीय. हे ठिपके म्हणजे अब्रूदार माणसं. तहसील कचेरीतले एक साहेब आहेत यात, नाव नाही सांगणार, पण तीन टॉवेल.

हा तुमचा. दोनशे बारा नंबर. खालची नोंद नातेपुतेची, बारसं, दिला अण्णाराव — हे झालं. आता वर जाऊ. वरची नोंद म्हणजे आमची, साखरपु —

थांबा हं.

साखरपुडा नाहीच इथं. विक्री, मंद्रूप, ज्ञानबा, वास्तुशांत, साधे टॉवेल पंचवीस, नाव नको. हे तर फेब्रुवारीतलं. ज्ञानबा म्हणजे आप्पांचे मंद्रूपचे दोस्त. आप्पा गेले होते त्या वास्तुशांतीला, मी घरी हसले होते, माझाच टॉवेल माझ्याच घरी आला म्हणून, आणि आप्पांनी तो त्या खालच्या खणात — म्हणजे आप्पांनी तो उचलून तुम्हाला दिला?

काका, मी तुमची बाजू घेते. शब्द मागं घेते माझे सगळे. तुमच्या टॉवेलवर नाव नव्हतंच. तुम्ही खरं बोलत होतात, तुम्हाला कपाटातला जुना दिला, आणि वीस दिवस हा माणूस गप. कुणाला सांगणं नाही, विचारणं नाही. नवा नावाचा टॉवेल ठेवला मागं आणि थोरल्या मानकऱ्याला घरात आहेरात आलेला टॉवेल पुढं ढकलला — सवय, दुसरं काय, हात तिकडंच जातो यांचा. येऊ देत वर. चहा हातात घेऊन येऊ देत, मी तुमच्यासमोर विचारते. पण आधी हे बघा, म्हणजे माझ्यावर संशय नको. मी छापलेलं दाखवते. फाईल आहे माझ्याकडं. पूनमनं मोबाईलवर यादी पाठवली होती, सोयऱ्यांची नावं मला कुठली माहीत असायला, तीच मी जशीच्या तशी फाईलमध्ये घातली, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. या. इकडं सरका. लावा चष्मा. एक, श्री. बिरप्पा, नवरदेवाचे वडील. दोन, श्री. मल्लिनाथ, मोठे मामा — नात्यासकट छापलं म्हणून खूश झाले होते ते. तीन, श्री. शरणप्पा, आत्याचे यजमान. हे सगळं जाऊ दे, तुमचं शेवटी आहे, अकरावं. हे बघा, ठळक. श्री. अण्णाराव, थोरले चुलते, लवकर रुसता —

लवकर.

लवकर उतरतो हो चार्ज याचा. बंद करते. जुना लॅपटॉप आहे, काय करणार.

वाचलंत?

चष्मा लावा म्हणून मीच सांगितलं. काका, पूनमनं ते माझ्यासाठी लिहिलं होतं, छापायला नव्हे — माझी जीभ कशी आहे तिला माहीत आहे, मी त्या दिवशी कुणाला काही बोलून बसू नये म्हणून — आणि मी यादी उचलली आणि दाबून मोकळी झाले. बघितलंसुद्धा नाही. अकराच्या अकरा घड्या घालून, पिशवीत भरून, आप्पांच्या हातात दिले आणि त्यांना म्हटलं, आता हात लावू नका. आणि साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ते सगळे उघडून बघत बसले होते, एकेक पट्टी वाचत, तर मी ओरडले त्यांच्यावर. घड्या मोडताय म्हणून. म्हटलं, तुम्हाला काही कळत नाही यातलं. तर ते म्हणाले, 'व्हय, न्हाय कळत,' आणि परत घडी घालायला लागले. तेव्हा एक घडी त्यांनी वेगळी ठेवली असणार.

तो टॉवेल त्या ताटात, टोपीखाली, तुमच्या हातात पडला असता. पन्नास माणसांत तुम्ही उलगडला असता. सगळे उलगडत होते.

चुकलं, काका. हे पूनमनं सांगितलं म्हणून नाही. चूक माझी आहे, पूर्ण माझी, पूनमची नाही आणि आप्पांची तर नाहीच नाही. वीस दिवस मी त्यांना काय काय बोलले. भित्रे म्हणाले. तुमच्या नातलगांच्या फोनवर ते नुसतं 'व्हय, आमचंच चुकलं' म्हणत होते आणि मी शेजारी उभी राहून हातवारे करत होते, सांगा की, पोरीनं नाव छापलंय म्हणून सांगा की. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, दाखवा. काय दाखवलं असतं त्यांनी?

तुम्ही हसताय का? का रुसला — रागावलाय? मिशांमुळं कळत नाही हो. खांदे हलतायत तुमचे. हसताय असं धरून चालते मी. रविवारी याल ना? मान आडवी हलवलीत, तुमच्या भागात आडवी म्हणजे हो असतं ना, का ते अजून पलीकडं, कर्नाटकात —

चपला वाजल्या जिन्यात. आप्पाच आहेत. काका, एक करा, त्यांना काही विचारू नका. मला कळलंय हेही त्यांना कळायला नको. मी — मी बघते नंतर माझं मी.

या आप्पा. द्या तो कप इकडं, भाजेल तुम्हाला. बसा, तुम्ही पण बसा इथं. नाही, कुठं काय, काही बोलत नव्हते मी.